वर्गणी, दलाली आणि मौनाची अट : मोबाइल अ‍ॅपच्या वर्गणीचा ऐतिहासिक मागोवा

१. प्रास्ताविक

मोबाइलवरील अ‍ॅपची मासिक अथवा वार्षिक वर्गणी दोन मार्गांनी भरली जाते. एक मार्ग अ‍ॅप स्टोअरच्या आतला. अ‍ॅपमधल्या बटनावर बोट ठेवले की अ‍ॅपल किंवा गूगल ग्राहकाकडून पैसे वसूल करते आणि आपला वाटा कापून उरलेली रक्कम अ‍ॅपच्या मालकाला देते. दुसरा मार्ग बाहेरचा. ग्राहक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जातो, कार्डाने अथवा यूपीआयने थेट तिलाच पैसे देतो आणि मग तेच अ‍ॅप आपल्या फोनवर उघडतो. सेवा एकच असते. मात्र पैसे कोणाच्या गल्ल्यातून गेले यावर किंमत, पावती, परतावा आणि वर्गणी बंद करण्याची रीत या चारही गोष्टी अवलंबून राहतात.

या विषयाची चर्चा बहुधा तीस टक्क्यांभोवती फिरते. तीस टक्के वाटा जास्त की वाजवी, एवढाच प्रश्न असल्यासारखे बोलले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. मध्यस्थाने आपला वाटा घेणे ही फार जुनी रीत आहे व तिला समाजाने नेहमीच मान्यता दिली आहे. अ‍ॅप स्टोअरच्या व्यवहारात वेगळी होती ती मौनाची अट. ‘हीच वर्गणी बाहेर स्वस्त मिळते’ हे आपल्याच ग्राहकाला आपल्याच अ‍ॅपमध्ये सांगण्यास विक्रेत्याला मनाई होती. गेल्या दीड दशकातील कज्जे, दंड आणि कायदे यांचा क्रम लावून पाहिला तर खरा झगडा दलालीच्या दरापेक्षा या मनाईविषयीचा होता असे दिसते. तो क्रम मांडणे आणि त्यातून आपल्या महाविद्यालयांना काय घेण्याजोगे आहे ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. शब्दांची साक्ष

मध्यस्थाच्या वाट्यासाठी आपल्या भाषांत शब्दांची उणीव नाही. मराठीत रुळलेला ‘दलाल’ हा शब्द मूळ अरबी. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ वाट दाखवणे, निर्देश करणे असा आहे. उर्दूतील ‘दलील’, म्हणजे पुरावा अथवा युक्तिवाद, हा शब्द त्याच धातूचा. म्हणजे दलाल हा मुळात गिऱ्हाइकाला मालापर्यंतची वाट दाखवणारा मनुष्य, आणि दलाली हे त्या वाट दाखवण्याचे मोल. ‘दस्तुरी’ हा शब्द फारसी ‘दस्तूर’ म्हणजे रीत, यावरून आला. रीतीप्रमाणे मध्यस्थाला मिळणारा वाटा तो दस्तुरी.

बाजार समितीतील ‘अडत’ हा शब्द तर आजही रोजच्या वापरात आहे. शेतकऱ्याचा माल विकून दिल्यावर अडत्या त्याच्या हाती जी पट्टी देतो तिच्यावर मालाचे वजन, भाव आणि एकूण रक्कम लिहिलेली असते व तिच्याखाली अडत, हमाली, तोलाई अशा कपाती वेगवेगळ्या मांडलेल्या असतात. अडतीविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ होत्या व त्या खऱ्याही होत्या. पण आकडा पट्टीवर उघड लिहिलेला असल्यामुळे त्याविषयी भांडता येत होते. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. भार कोणी सोसावा याची चर्चा होऊ शकली, कारण भार किती हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

याच बाजारात एके काळी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. तीत मालाच्या धन्यालाच भाव कळत नसे. बाजारविषयक कायद्यांनी तिच्या जागी उघड लिलाव आणला. मध्यस्थ दोन्ही पद्धतींत होता. फरक होता तो माहितीचा.

३. टपालाच्या काळातील वर्गणी

‘वर्गणी’ हा शब्द मराठी वाचकाला नियतकालिकांनी शिकवला. उर्दू मासिकांच्या मुखपृष्ठाआड तीच गोष्ट ‘सालाना चंदा’ किंवा ‘जर-ए-सालाना’ या शब्दांत छापलेली सापडते. जुनी मराठी मासिके चाळली तर वार्षिक वर्गणीच्या आकड्याशेजारी ‘टपाल हंशील निराळे’ किंवा ‘टपाल हंशिलासह’ असे शब्द दिसतात. उर्दूत त्यासाठी ‘महसूल-डाक’ असे म्हणत. हंशील आणि महसूल हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे, हे येथे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. मासिकाची किंमत किती आणि ते घरपोच करण्याचा खर्च किती, हे दोन आकडे वाचकापुढे स्वतंत्रपणे येत असत.

भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपालाची सोय केली आणि १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली. या दोन सोयींमुळे पुणे, मुंबई, लाहोर किंवा लखनौ येथे छापलेले पुस्तक लहान गावातील वाचकापर्यंत पोहोचू लागले. टपाल खाते या व्यवहारातील मध्यस्थच होते. ते माल नेई, पैसे गोळा करी आणि आपले शुल्क घेई. परंतु ‘व्ही. पी. ने मागविल्यास खर्च अधिक पडेल, वर्गणी मनीऑर्डरने आगाऊ पाठवावी’ असे संपादकाने आपल्या अंकात छापण्यास त्याची हरकत नसे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. वर्तमानपत्राच्या छापील किमतीत विक्रेत्याचे कमिशन असतेच. ते कुठे वाचकाला सांगितले जाते? पुस्तकविक्रेत्याला प्रकाशक किती सूट देतो हेही गिऱ्हाइकाला कळत नाही. हे खरे आहे. पण त्या व्यवहारात प्रकाशकाचे तोंड बांधलेले नव्हते. ‘थेट कार्यालयाकडे वर्गणी भरणाऱ्यांस सवलत’ अशी चौकट त्याच अंकात छापता येत असे, आणि तो अंक त्याच विक्रेत्याच्या फळीवर विकलाही जात असे. शिवाय वर्गणीदारांची नावनिशीची वही प्रकाशकाकडेच राहत असे. पुढे २०११ मध्ये ज्या दोन मुद्द्यांवरून प्रकाशक आणि अ‍ॅपल यांच्यात खटका उडाला ते हेच दोन मुद्दे होते.

४. दुकानाची मांडणी : २००८ ते २०११

अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० अ‍ॅप घेऊन उघडले. विक्रीतील ७० टक्के अ‍ॅप करणाऱ्याला आणि ३० टक्के अ‍ॅपलला, अशी वाटणी ठरली होती. त्या वेळच्या परिस्थितीत ही वाटणी अनेकांना उदार वाटली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तोपर्यंत मोबाइलवर काही विकायचे तर मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या दारी जावे लागे आणि उत्पन्नाचा मोठा वाटा त्या कंपन्या ठेवून घेत. भारतात कॉलर ट्यून व तत्सम मूल्यवर्धित सेवांचा अनुभव पुष्कळांना आठवत असेल. न मागता सेवा सुरू होई आणि शिल्लक कमी होई. अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती घेण्याचा आदेश दिला. त्या गोंधळाच्या तुलनेत अ‍ॅप स्टोअर हे नीटनेटके दुकान होते.

आरंभी अ‍ॅप एकदाच विकत घ्यायचे असे. ऑक्टोबर २००९ पासून मोफत अ‍ॅपच्या आतही खरेदी करता येऊ लागली. १५ फेब्रुवारी २०११ रोजी अ‍ॅपलने नियतकालिके, संगीत व चित्रफिती यांच्या वर्गणीचे नियम जाहीर केले. अ‍ॅपमधून आलेल्या वर्गणीवर ३० टक्के द्यावे लागतील. प्रकाशकाने स्वतः बाहेर मिळवलेल्या वर्गणीदारावर काही द्यावे लागणार नाही. येथपर्यंत नियम साध्या दलालीचा होता. पण त्याला तीन अटी जोडलेल्या होत्या. बाहेर जी वर्गणी विकली जाते ती अ‍ॅपमध्येही त्याच किंवा त्याहून कमी किमतीला ठेवावी लागेल. अ‍ॅपमधून बाहेरच्या खरेदीकडे नेणारा दुवा ठेवता येणार नाही. आणि वर्गणीदाराचे नाव, ई-मेल व टपाल विभाग ही माहिती त्याने स्वतः परवानगी दिली तरच प्रकाशकाला मिळेल.

यांतील पहिली अट जून २०११ मध्ये मागे घेतली गेली. बाहेर कमी आणि आत जास्त अशी किंमत ठेवायला मोकळीक मिळाली. दुव्याची मनाई मात्र कायम राहिली. म्हणजे दोन किमती असू शकत होत्या, पण त्या दोन आहेत हे आतल्या ग्राहकाला सांगता येत नव्हते. आपल्या विषयाचा गाभा हाच आहे.

परिणाम लगेच दिसले. जुलै २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनने आयफोनवरील आपल्या किंडल अ‍ॅपमधून पुस्तकांच्या दुकानाचे बटन काढून टाकले. पुस्तक वाचण्याचे अ‍ॅप हाती होते, पण पुस्तक कोठे विकत घ्यावे हे त्यात लिहिलेले नव्हते. लंडनच्या फायनान्शिअल टाइम्सने जून २०११ मध्ये ब्राउझरमध्ये चालणारे आपले स्वतंत्र अ‍ॅप काढले, आणि ऑगस्टमध्ये त्याचे जुने अ‍ॅप अ‍ॅपलच्या दुकानातून गेले. वर्गणीदारांशी थेट संबंध तुटू नये ही त्या वृत्तपत्राची मुख्य चिंता होती.

५. दोन किमतींचा काळ

मनाईचा अर्थ आकड्यांत पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. कर बाजूला ठेवून समजा, एखाद्या संस्थेला आपली सेवा चालवण्यासाठी दरमहा १०० रुपये हाती पडणे आवश्यक आहे. ३० टक्के वाटा द्यायचा असेल तर तिला किंमत सुमारे १४३ रुपये ठेवावी लागेल. वाटा १५ टक्के असेल तर सुमारे ११८ रुपये. ती संस्था किंमत १०० च ठेवील तर तिच्या हाती अनुक्रमे ७० आणि ८५ रुपये येतील.

स्वीडनमधील स्पॉटिफाय या संगीत कंपनीने यातला पहिला मार्ग धरला होता. तिची मासिक वर्गणी संकेतस्थळावर ९.९९ डॉलर होती आणि आयफोन अ‍ॅपमध्ये १२.९९ डॉलर. तीन डॉलर जास्त घेऊनही तीस टक्के वजा जाता तिच्या हाती सुमारे ९.०९ डॉलर येत. म्हणजे ग्राहक अधिक देत होता आणि विक्रेत्याला कमी मिळत होते. अ‍ॅपच्या आत ही गोष्ट सांगता येत नव्हती, म्हणून २०१५ मध्ये कंपनीने ग्राहकांना ई-मेल पाठवून बाहेरून वर्गणी भरण्याचा सल्ला दिला. २०१६ मध्ये तिने आतली वर्गणी बंदच केली. नेटफ्लिक्सनेही २०१८ च्या अखेरीस नव्या ग्राहकांसाठी अ‍ॅपलमार्फत पैसे घेणे थांबवले.

मोठ्या कंपन्यांना हा मार्ग परवडला, कारण लोक त्यांना नावाने ओळखत होते आणि शोधत त्यांच्या संकेतस्थळावर जात होते. एखाद्या लहान भाषेतील शब्दकोश, बालगोष्टी किंवा व्याकरणाचे अ‍ॅप करणाऱ्याला तो परवडणारा नव्हता. मनाईचा भार सर्वांवर सारखा नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दरम्यान दरही उतरत गेले. २०१६ मध्ये अ‍ॅपलने एक वर्ष टिकलेल्या वर्गणीवरील वाटा १५ टक्के केला. १ जानेवारी २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्या लहान विकासकांसाठी १५ टक्के दर लागू झाला. गूगलने १ जुलै २०२१ पासून पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर, आणि २०२२ च्या आरंभापासून सर्व वर्गणींवर पहिल्या दिवसापासून १५ टक्के दर ठेवला. दर निम्म्यावर आला, तरी तंटे मिटले नाहीत. ते केवळ दरासाठी असते तर एव्हाना शमायला हवे होते.

६. न्यायालये व नियामक

बाहेरची वाट दाखवण्यास मनाई करणाऱ्या अशा अटींना इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत ‘अँटी-स्टिअरिंग’ म्हणतात. वर दिलेल्या व्युत्पत्तीच्या आधारे बोलायचे तर, वाट दाखवण्याचे मोल घेणाऱ्यानेच दुसऱ्याला वाट दाखवण्यास केलेली ही बंदी. ही कल्पना अ‍ॅपच्या आधीची, क्रेडिट कार्डांच्या व्यवहारातली आहे. कमी शुल्काचे कार्ड वापरा असे दुकानदाराने गिऱ्हाइकाला सुचवू नये, अशी अमेरिकन एक्सप्रेस कंपनीची अट होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ती अट ग्राह्य धरली. म्हणजे अशी मनाई सदैव बेकायदेशीरच ठरते असे नाही. याची जाणीव ठेवूनच पुढील निकाल वाचले पाहिजेत.

१३ ऑगस्ट २०२० रोजी एपिक गेम्स कंपनीने आपल्या फोर्टनाइट या खेळात अ‍ॅपल व गूगल यांना वगळून थेट पैसे भरण्याची सोय केली. दोन्ही दुकानांनी त्याच दिवशी तो खेळ काढून टाकला आणि एपिकने त्याच दिवशी दावे दाखल केले. अ‍ॅपलविरुद्धच्या दाव्यात न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी १० सप्टेंबर २०२१ रोजी निकाल दिला. एपिकचे बहुतेक सर्व मुद्दे त्यांनी फेटाळले. तीस टक्के बेकायदेशीर आहेत असे त्यांनी म्हटले नाही, की दुकान मोडण्याचा आदेशही दिला नाही. मान्य केला तो एकच मुद्दा. ग्राहकाला बाहेरची वाट दाखवण्यास केलेली मनाई कॅलिफोर्नियाच्या अनुचित स्पर्धाविषयक कायद्याविरुद्ध आहे, असे त्यांनी ठरवले.

जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिल्यावर अ‍ॅपलने दुव्यांना परवानगी दिली. पण दुव्यावरून बाहेर जाऊन सात दिवसांत झालेल्या खरेदीवरही २७ टक्के मागितले आणि दुवा उघडण्यापूर्वी इशारेवजा पडदा दाखवण्याची सक्ती केली. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायाधीशांनी हा आदेशाचा अवमान ठरवला. त्यानंतर मे महिन्यात अमेरिकेतील किंडल अ‍ॅपमध्ये पुस्तक घेण्याचे बटन आले. २०११ मध्ये गेलेल्या बटनाला परत यायला जवळजवळ १४ वर्षे लागली. बाहेरच्या खरेदीवर अ‍ॅपलने काही घ्यावे की नाही, घ्यावे तर किती, याचा वाद त्यानंतरही अपिलात चालू राहिला.

युरोपातही असेच घडले. स्पॉटिफायने मार्च २०१९ मध्ये केलेल्या तक्रारीवर युरोपीय आयोगाने ४ मार्च २०२४ रोजी अ‍ॅपलला १.८ अब्ज युरोंहून अधिक दंड केला. आयोगाने दोष ठेवला तो संगीताच्या अ‍ॅपना स्वस्त पर्यायांची माहिती देण्यास केलेल्या मनाईवर. त्यानंतर डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टखाली २३ एप्रिल २०२५ रोजी ५० कोटी युरोंचा दंड झाला, तोही वाट दाखवण्यावरील निर्बंधांसाठी.

दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये कायदाच केला. विशिष्ट पद्धतीनेच पैसे भरण्याची सक्ती दुकानांना करता येणार नाही असे ठरले. गूगलने तेथे दुसरी पद्धत मान्य केली, पण तिच्यावरील आपला वाटा फक्त ४ अंशांनी कमी केला. गल्ला बदलला तरी दलाली बव्हंशी तीच राहू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

७. भारतातील प्रकरण

भारतात अ‍ॅन्ड्रॉइड फोनची संख्या फार मोठी असल्याने येथील वाद मुख्यतः गूगलशी झाला. २८ सप्टेंबर २०२० रोजी गूगलने स्पष्ट केले की अ‍ॅपमधील डिजिटल वस्तू व सेवांची विक्री प्ले स्टोअरच्याच पद्धतीने करावी लागेल. भारतीय नवउद्योजकांनी तीव्र विरोध केला. ऑक्टोबरमध्ये गूगलने भारतापुरती मुदत मार्च २०२२ पर्यंत आणि पुढे ऑक्टोबर २०२२ पर्यंत वाढवली. दरम्यान भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला होता.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशातील निर्देश आपल्या दृष्टीने दंडाहून महत्त्वाचे आहेत. अ‍ॅपवाल्यांना अन्य पद्धतीने पैसे स्वीकारण्यास अडवू नये. आणि आपल्या सेवा व सवलती ग्राहकांना सांगण्यास त्यांच्यावर कोणतीही बंदी घालू नये. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला, आणि प्रकरण तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले.

आदेशानंतर गूगलने भारतात ग्राहकाला निवडीचा पर्याय दिला. प्ले स्टोअरची पद्धत किंवा अ‍ॅपची स्वतःची पद्धत. दुसरी निवडल्यास वाटा ४ अंशांनी कमी, म्हणजे १५ ऐवजी ११ आणि ३० ऐवजी २६ टक्के. येथेही कोरियाचाच कित्ता गिरवला गेला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराला बँकेचे व्यवहारशुल्क द्यावे लागू नये असे सरकारने ठरवले होते. ज्या देशात पैसे पोहोचवण्याचा खर्च इतका खाली आला होता, तेथे ११ टक्के हे पैसे पोहोचवण्याचे मोल नसून दुकानातील जागेचे भाडे आहे, हे स्पष्ट झाले. भाडे घेऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण भाड्याला भाडे म्हटले जावे, ही अपेक्षा गैर नाही.

काही कंपन्यांनी हे शुल्क देण्यास नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले नाही. १ मार्च २०२४ रोजी गूगलने दहा भारतीय कंपन्यांविरुद्ध कारवाई सुरू केली. भारत मॅट्रिमनी, मुस्लिम मॅट्रिमनी, नोकरी डॉट कॉम अशी घराघरांत ठाऊक असलेली अ‍ॅप प्ले स्टोअरवरून एकाएकी दिसेनाशी झाली. तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हरकत घेतल्यावर काही दिवसांत ती परत आली. वधूवर सूचन आणि नोकरीचा शोध यांसारख्या गोष्टी एका दुकानाच्या फळीवर किती अवलंबून आहेत, हे त्या दिवसांत सर्वसामान्यांच्या लक्षात आले.

८. दुसरी बाजू

बाहेरचा मार्ग नेहमीच ग्राहकाच्या हिताचा असतो असे समजणे चूक ठरेल. स्टोअरच्या आत भरलेल्या सर्व वर्गणी एका पानावर दिसतात व तेथूनच बंद करता येतात. परताव्याची मागणी करण्यास एक ठरलेली जागा असते. कार्डाचा क्रमांक दहा ठिकाणी द्यावा लागत नाही. बाहेर मात्र प्रत्येक संस्थेची रीत वेगळी. वर्गणी घेताना एक बटन आणि सोडताना चार पाने व एक दूरध्वनी, असा अनुभव सर्रास येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या पद्धतींना मनाई केली, त्यांत वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश आहे. शिवाय बनावट संकेतस्थळांचा धोका बाहेरच अधिक.

याबाबतीत रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांसाठी हे नियम पूर्णपणे लागू झाले. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, तीत विक्रेत्याचे नाव, रक्कम व तारीख असली पाहिजे, आणि ग्राहकाला ती कपात नाकारता आली पाहिजे. आरंभी अनेक परदेशी सेवांची वर्गणी त्यामुळे अडली व कुरकुर झाली. परंतु या नियमांनी दलाली ठरवली नाही, दर ठरवला नाही, मार्गही ठरवला नाही. सांगितल्याशिवाय पैसे घेऊ नयेत एवढेच ठरवले.

९. निष्कर्ष

वरील वृत्तान्तातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, मध्यस्थाचा वाटा ही नवी गोष्ट नाही आणि केवळ वाटा घेतल्याबद्दल या दुकानांना दोष देता येत नाही. दोन, वर पाहिलेल्या अमेरिका, युरोप व भारत येथील निर्णयांत न्यायाधीश व नियामक वेगवेगळ्या कायद्यांनी निघाले, तरी एका ठिकाणी एकत्र आले. विक्रेत्याने ग्राहकाला किंमत सांगण्यास मनाई नसावी, हे ते ठिकाण. तीन, मनाई उठली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. दलाली दुव्यामागे गेली, इशाऱ्याच्या पडद्यामागे गेली, पर्यायी पद्धतीच्या दरात गेली. दर वेळी ती पुन्हा उघड करावी लागली.

महाविद्यालयीन शिक्षकांचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. आपले विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची, इंग्रजी संभाषणाची, शब्दकोशांची अ‍ॅप वर्गणी भरून वापरतात, आणि ती वर्गणी पुष्कळदा वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या फोनवरून जाते. त्यांना चार गोष्टी तपासायला शिकवणे अवघड नाही : हीच सेवा संस्थेच्या संकेतस्थळावर किती रुपयांना आहे; पैसे कोणाच्या नावे जात आहेत; वर्गणी कोठून बंद होते; आणि आपोआप कपातीची परवानगी कोठे नोंदली गेली आहे. स्टोअरमधून घेतलेली वर्गणी अ‍ॅप पुसून टाकल्याने बंद होत नाही, एवढी एक गोष्ट समजली तरी कित्येक घरांचे पैसे वाचतील. वाणिज्य शाखेच्या वर्गात पाच अ‍ॅप घेऊन आतली व बाहेरची किंमत शेजारी शेजारी मांडण्याचा स्वाध्याय सहज देता येईल.

दुसरा संबंध अधिक जवळचा. आपल्यापैकी अनेक संस्था मासिके, नियतकालिके, अभ्याससाहित्य काढतात आणि आज ना उद्या ते मोबाइलवर देण्याचा विचार करतील. मराठी व उर्दू वाचकवर्ग लहान, वर्गणी थोडी; त्यातून १५ किंवा ३० टक्के वजा जाणे म्हणजे एखाद्या लेखकाचे मानधन किंवा एका अंकाच्या छपाईचा काही भाग जाणे होय. तेव्हा अ‍ॅप काढण्यापूर्वी वर्गणी कोठे स्वीकारायची, वर्गणीदारांची यादी कोणाकडे राहील आणि दोन किमती असतील तर त्या वाचकाला कोठे सांगायच्या, हे संपादक मंडळाने कागदावर ठरवून घ्यावे. जुन्या अंकांत वर्गणीच्या आकड्याशेजारी टपाल हंशील वेगळे छापले जात असे. मोबाइलवरील वर्गणीच्या पानावर तशीच एक ओळ असावी : वर्गणी इतकी, दुकानाचा वाटा इतका, थेट भरल्यास इतकी.